डेल्फिनाचा कोरस

निकोलासा: दुखवट्याची नववी रात्र सरायचीय अजून, आणि तुम्हा बापलेकीला गाणी सुचतायत!

यादिरा: गाणी नाही आत्या. गाणं. एकच.

निकोलासा: एक काय नि दहा काय, दुखवटा तो दुखवटा. कोपऱ्यावरचा दारूवाला, ना नात्याचा ना गोत्याचा. त्याने डेल्फिनासाठी आठ दिवस आपलं गाण्याचं यंत्र बंद ठेवलंय. गिऱ्हाईक शिव्या घालतंय त्याला. आणि तू तिच्या पोटची पोर, वायर घेऊन बसलीस.

यादिरा: रीत घरासाठी आहे. हे काही घर नाही, गाडी आहे.

निकोलासा: गाडी कुणाची? घरची. आत माणसं कुणाची? घरची. घरातल्या गेलेल्या बाईच्या रात्रीसाठी बर्फ घेऊन निघालीत. मग हेही घरच. चार चाकं लावली म्हणून घर परकं होत नाही. एवेलिओ, बोल की काहीतरी! बायको तुझी गेलीय.

एवेलिओ: मी गाडी चालवतोय, ताई.

निकोलासा: जन्मभर हेच उत्तर. लग्नात पाद्रीबाबांनी 'ही बायको मान्य आहे का' विचारलं, तेव्हा तरी तोंड उघडलं होतंस का, मला शंकाच आहे.

एवेलिओ: आडवा पोलीस आला. बर्फ धरा.

निकोलासा: धरलाय! निम्मा माझ्या मांडीवर वितळून झाला. काय रे, हे उंचवटे घातले कुणी इथे? शाळा नाही, बाजार नाही. दलदल, आणि तीत उभे बगळे. बगळ्यांनी जपून रस्ता ओलांडावा म्हणून?

एवेलिओ: पोलीसच तो. काम नसेल तिथे आडवा पडलेला.

यादिरा: बाबा, टेपच्या तोंडाशी हे बारीक भोक आहे. पिन इथेच जाते ना?

एवेलिओ: जाते, असं बसवणारा म्हणाला होता. आम्ही कधी काही घातलं नाही त्यात. घालायला होतं काय आमच्याकडे?

यादिरा: मग एवढा टेप बसवलात कशाला?

एवेलिओ: तुझ्या आईने हट्ट धरला. मी म्हटलं, इंजिन खोकतंय, आधी त्याचं बघू. तर म्हणाली, इंजिनाला गाता येत नाही.

यादिरा: तिला तेच गाणं ऐकायचं होतं?

एवेलिओ: दुसरं कुठलं असणार?

निकोलासा: यंदा बगळे फार झालेत, नाही?

यादिरा: विषय बदलू नकोस आत्या. त्याच गाण्याबद्दल बोलतोय आपण. 'पाणी आलं दारी.' लिसांद्रो मोस्कोतेचं. ज्यात आईने कोरस दिला होता.

निकोलासा: दिला असेल बाई. मी कुठे काय म्हटलं?

यादिरा: तू काय म्हटलंस ते अख्खा गाव म्हणतो. पूल कधी होणार? डेल्फिनाच्या कोरससारखा. नवरा पैसे पाठवतो का? पाठवतो की, डेल्फिनाच्या कोरससारखे. आहे म्हणायचं, पण दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याला हे नाव. माझ्या शाळेतल्या बाई गृहपाठाला म्हणायच्या. माझ्यासमोर, सगळ्या वर्गासमोर. मी हसायचे सगळ्यांबरोबर.

निकोलासा: म्हण कुणी काढत नसतं. ती निघते.

यादिरा: तुझ्या तोंडातून निघाली.

निकोलासा: कुणाच्या तरी तोंडातून निघायचीच होती. तूच सांग, तीन दिवसांसाठी बारांकिल्याला गेली, परत आली ती राणी होऊन. 'मी तबकडीवर गायले, मी तबकडीवर गायले.' गावाने वर्गणी काढून तबकडी आणवली. दारूवाल्याच्या यंत्रात घातली. सगळी माणसं कान लावून उभी. आणि ऐकू काय आलं? लिसांद्रो! वरून लिसांद्रो, खालून लिसांद्रो. बाकी कोरस म्हणजे मागे कुणीतरी सूप पाखडतंय, एवढाच.

एवेलिओ: भिंतीशी उभं केलं होतं तिला.

निकोलासा: आता तू पण?

एवेलिओ: ती सांगायची ते सांगतो. तीन बायका होत्या कोरसला. तिचा आवाज मोठा, लिसांद्रोवर चढायचा. तो चिडला. मग तिथल्या माणसाने तिघींना बाजूला नेलं, भिंतीशी, दाराजवळ. म्हणाला, गा आता किती मोठ्याने गायचं ते.

यादिरा: तुम्हाला कधी ऐकू आली ती?

एवेलिओ: ती विचारायची तेव्हा मी हो म्हणायचो.

यादिरा: म्हणजे नाही.

एवेलिओ: म्हणजे हो म्हणायचो. आणि ती म्हणायची, एवेलिओ, तुला खोटं बोलता येत नाही म्हणून तर मी तुझ्याशी लग्न केलं. मग दोघं जेवायला बसायचो.

यादिरा: तबकडी आता कुठे आहे?

एवेलिओ: पुरात गेली. गाणं पुराचं, गेलीही पुरातच. कॅसेट होती एक, ती ऐकून ऐकून झिजली.

यादिरा: माझ्या शिवणकारखान्यात एक फोरमन आहे, जुन्या तबकड्या जमवतो. मी मेदेयीनला गेल्यापासून त्याच्या मागे लागले होते. इकडे यायला निघाले त्या दिवशी बसस्टँडवर आला, तिकीट काढत होते तिथे. हातात ही गाणी वाजवायची डबी ठेवली. म्हणाला, सापडली, चांगल्या अवस्थेत आहे, यात भरलीय. मी म्हटलं, आता काय उपयोग. पण घेतली.

निकोलासा: मग कानात घालून ऐकायचं ना गुपचूप. गाडीभर कशाला?

यादिरा: ऐकलं. रस्त्यावर दरड पडलेली, बस रात्रभर डोंगरात उभी. ऐकत होते. लिसांद्रोच ऐकू आला. म्हटलं, माझे कान थकलेत. बाबांबरोबर ऐकू, मोठ्या आवाजात, तिच्याच टेपवर. आत्या, मी खरं सांगू? मला तिचा आवाज आठवेनासा झालाय.

निकोलासा: काहीतरीच बोलू नकोस. आईचा आवाज कुणी विसरतं?

यादिरा: विसरतं. ती काय म्हणायची ते सगळं आठवतंय. पण आठवताना ते माझ्याच आवाजात ऐकू येतं. फोनवर बोलायची ती शेजाऱ्यांच्या फोनवरून, घाईघाईत. कुठे साठवलेलं काही नाही. फोटो आहेत, पण फोटोत तोंड मिटलेलं. पुरायच्या आधी पोचले असते तर निदान चेहरा बघितला असता. तेही नाही. आणि आज रात्री तुम्ही तिच्या फोटोपुढची वेदी उतरवणार, आत्म्यासाठी दार उघडणार, ती जाणार. मग मी कुठे शोधू तिला?

एवेलिओ: लाव गाणं.

निकोलासा: एवेलिओ!

एवेलिओ: मी गाडी चालवतोय ताई. तिने लावलं तर मी काय करणार?

निकोलासा: वर जाब मला द्यावा लागेल, मी मोठी. बरं, लाव. हळू लाव. आणि खिडक्या वर करा, बगळ्यांनासुद्धा कळता कामा नये.

यादिरा: खिडकी वर होत नाही. दांडा माझ्या हातातच आला.

एवेलिओ: तो ठेव तिथेच. तो नुसता शोभेचा आहे.

यादिरा: जात नाही नीट पिन. अडतेय.

एवेलिओ: दाब. धूळ बसली असेल.

यादिरा: हं, गेली. आता त्या बटणावर काय लिहिलंय?

एवेलिओ: पुसलंय. तिसरं दाब. नाही, रेडिओ लागला, पुढचं.

यादिरा: लागलं! ऐका, अकॉर्डियन.

एवेलिओ: एवढं स्वच्छ कधी ऐकलं नव्हतं मी.

निकोलासा: लिसांद्रोने काल रात्री दात घासले असावेत. शेजारी बसून गातोय जसा.

यादिरा: श्श. कोरस येईल आता... आला. ऐकू येतंय का काही?

एवेलिओ: लिसांद्रो.

यादिरा: त्याच्या मागे?

एवेलिओ: आहे काहीतरी. बायका आहेत. पण कोण, कसं सांगू? तू विचारलंस तर मी हो म्हणेन.

यादिरा: नको. नका म्हणू हो.

निकोलासा: अगं पोरी, इकडे बघ. रडू नकोस. म्हातारीचं ऐक. ती गायली नसेल असं मी कधीच म्हटलं नव्हतं. ऐकू येत नाही, एवढंच म्हटलं होतं. दोन्हीत फरक आहे.

यादिरा: गावाने तो फरक ठेवला नाही ना. सहाव्या रात्री अंगणात डोमिनो खेळताना ते म्हातारे हसत होते. कुणाकडे तरी सोंगटी नव्हती. तर म्हणे, आहे रे, डेल्फिनाच्या कोरससारखी. तिच्याच दारात, आत तिच्या फोटोपुढे मेणबत्त्या. आणि कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही, कारण आता ती म्हण झालीय. बाई गेली, म्हण राहिली.

निकोलासा: मी ऐकलं ते.

यादिरा: मग?

निकोलासा: मग आत जाऊन कॉफी गाळली. दुसरं काय करणार होते?

एवेलिओ: बर्फ धरा, दुसरा पोलीस—

(गाडी उंचवट्यावरून धाडकन उडते. टेपमधून लिसांद्रोचा आवाज नाहीसा होतो. अकॉर्डियन दूरवर, पोकळ वाजत राहतं.)

एवेलिओ: मेला तो पोलीस. हा मघाशी नव्हता इथे.

यादिरा: पिन निघाली वाटतं अर्धी. थांबा, आत दाबते.

निकोलासा: हात लावू नकोस.

यादिरा: अगं, बिघडलंय ते. गाणारा गेलाय.

निकोलासा: वायरीला हात लावू नकोस सांगते ना!

एवेलिओ: लिसांद्रो कुठे गेला?

निकोलासा: खड्ड्यात जाऊ दे लिसांद्रो. गप्प बसा दोघं.

यादिरा: कसं वाजतंय हे? पाण्याखालून आल्यासारखं.

एवेलिओ: पलीकडच्या काठावर लग्न असलं की असं ऐकू येतं. वारा इकडचा असला की.

निकोलासा: श्श. कोरस येईल. आत्ता... बघ! बघ, आधी सुरू केलं! बाकीच्या दोघी अजून श्वास घेतायत आणि हिचं 'पाणी आलं' म्हणून मोकळं!

यादिरा: कोण?

निकोलासा: अगं कोण काय विचारतेस, तुझी आई! मिस्सामध्ये पाद्रीबाबांनी तोंड उघडायच्या आधी आमेन म्हणणारी गावात दुसरी कोण होती? मी तिच्या शेजारी बसायचे, लाजेने मेल्यासारखं व्हायचं मला. पुन्हा येईल. ऐक. आत्ता. बघ, परत आधी!

यादिरा: आई.

एवेलिओ: किती लहान आहे तिचा आवाज.

यादिरा: मोठा आहे की, बाबा. सगळ्यांत मोठा तिचाच आहे.

एवेलिओ: मोठा नाही म्हणत मी. लहान. पोरीचा. अशी होती ती, मी बघायला गेलो तेव्हा. मी विसरलोच होतो की ती कधी... अगं यादिरा, ती हसतेय का तिथे?

यादिरा: हसतेय. आधी सुरू केलं म्हणून हसतेय. शेजारचीने कोपर मारलं असेल.

एवेलिओ: तेच हसू. चूक झाली की तेच—

यादिरा: गेलं! बाबा, गाडी का थांबवलीत? वायर पडली!

एवेलिओ: मला पुढचं दिसेना.

यादिरा: एक मिनिट, घालते परत. ... नाही. लिसांद्रो आला परत.

निकोलासा: काढ त्याला. हाकल.

यादिरा: अर्धी बाहेर ओढते. आता काहीच नाही. आता खरखर. पिन अर्धी निघाली की मधला आवाज जातो, बाजूचे तेवढे उरतात. कारखान्यात माझ्या कानातल्या वायरीचं झालं होतं असं एकदा. मी ती वायर टाकून दिली.

एवेलिओ: भिंतीशी उभं केलं होतं तिला.

यादिरा: हो बाबा. आणि आता भिंतच उरली. पण हाताने जमत नाहीये, एका केसाचा फरक असणार. सापडत नाही. आई गं, सापडत नाहीये!

निकोलासा: मागे घे.

एवेलिओ: काय?

निकोलासा: गाडी मागे घे, एवेलिओ. त्या पोलिसाच्या पलीकडे. आणि पुन्हा त्याच्यावरून ने. आदळ जोरात.

एवेलिओ: बर्फ फुटेल, ताई.

निकोलासा: फुटू दे. कोमट पाणी पितील मेले. डोमिनो खेळायला आलेत, लग्नाला नाही.

एवेलिओ: इंजिनसुद्धा—

निकोलासा: इंजिनाला गाता येत नाही.

यादिरा: घ्या मागे, बाबा. पिन मी हलकी बसवून ठेवते.

एवेलिओ: धरा. ... गेलो. काय?

यादिरा: नाही. लिसांद्रो.

निकोलासा: पुन्हा. चाक ह्या अंगाला घे, मघाशी उजवीकडून गेलास तू. डोळे मिटून चालवतोस तेव्हाच बरं चालवतोस.

एवेलिओ: गाणं सुरुवातीपासून लाव गं. कोरस हुकायला नको. यादिरा?

यादिरा: हं.

एवेलिओ: तू मघाशी म्हणालीस ना, पोचले नाही म्हणून. आल्यापासून तू तेच घेऊन बसली आहेस, मी बघतोय. मला बोलता येत नाही, ताईला विचार. पण हे ऐक. तुला उशीर झाला नाही. तीच आधी निघाली. तिची सवय ती. सगळ्यांनी मिळून करायची गोष्ट असली तरी हिचं आपलं आधी. आपल्या दोघांचा श्वाससुद्धा घेऊन झाला नव्हता गं.

यादिरा: बाबा...

एवेलिओ: रड. रडली नव्हतीस तू अजून. मी गाडी चालवतोय.

निकोलासा: रडून झालं की हा चाप घे माझ्या केसांतला. या खेपेला लागलं बरोबर, तर वायर तशीच चापाने अडकवून टाक टेपच्या कडेला. हलली नाही पाहिजे. घरापर्यंत न्यायचंय.

यादिरा: घरी? अगं, तूच म्हणालीस ना, दुखवटा—

निकोलासा: घरात लावायचं नाहीच. घराबाहेर, रस्त्यावर उभी करायची गाडी. दारूवाल्याच्या समोर. चारी दारं उघडून.

यादिरा: आणि गाडी म्हणजे घरच, ते?

निकोलासा: गाडी कशी घर असेल? चाकं असतात का घराला? काहीतरीच बोलतेस.

एवेलिओ: सगळे ऐकतील, ताई.

निकोलासा: ऐकू देत. डोमिनोवाले पहिले. मी बसवणार त्यांना पुढे, हाताला धरून. आणि शाळेतल्या त्या बाई अजून जिवंत आहेत, ठार बहिऱ्या झाल्यात. त्यांचा कान तर मी टेपलाच चिकटवणार. मग त्यांच्यापुढे काय सांगायचं ते मी सांगेन. माझ्या तोंडातून निघाली होती ना म्हण? मग आत घालायची तर त्याच तोंडात घालावी लागेल.

यादिरा: म्हण अशी परत जाते का गं आत?

निकोलासा: नाही जात. पण अर्थ बदलता येतो. उद्यापासून पूल कधी होणार विचारलं, आणि कुणी डेल्फिनाचा कोरस म्हटलं, तर समजायचं पूल आहे. आपण चुकीच्या जागी उभे राहून बघत होतो.

एवेलिओ: तयार?

यादिरा: हळू नका जाऊ.

एवेलिओ: नाही जात.

निकोलासा: देवा, माझी कंबर! ... हं?

यादिरा: लिसांद्रो नाहीये.

एवेलिओ: खरंच नाहीये. मी गाडी थांबवू?

यादिरा: नका. काही करू नका. चाप... बसला. आत्या, कोरस किती दूर आहे?

निकोलासा: अकॉर्डियन खाली उतरलं की. तो दम खातो जरासा, आणि मग तिघी एकदम सुरू करतात.

एवेलिओ: तिघी नाही. दोघी.

यादिरा: आता?

निकोलासा: अजून नाही.

एवेलिओ: आली.